हळदीच्या कोशात हळद कुठं? वर्णक्रम लावण्याच्या तीन रीती

सांगलीच्या मार्केट यार्डातले आणि हरिपूरच्या पेवांवरचे (हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांवरचे) हळदीचे शब्द आम्ही दोघं-तिघं कोशासाठी गोळा करतोय. हळकुंड, गड्डा, कणी, आडत, आवक असे. पहिली प्रिंट काढली आणि यार्डात हयात घालवलेल्या एका काकांना दिली. त्यांनी ह चं पान काढलं. 'हवा'पासून बोट खाली नेत गेले, 'हिशेब' आला तरी हळद नाही. "हळदीच्या कोशात हळदच न्हाई व्हय?"

होती, पण 'हवा'च्या वर, 'हलका'ला चिकटून. युनिकोडच्या तक्त्यात, म्हणजे संगणक अक्षरांना जे क्रमांक देतो त्यांच्या यादीत, ळ हा ल च्या पाठोपाठ येतो, आपल्या वर्णमालेत ह च्या नंतर. ळ ने सुरू होणारा शब्द मराठीत नाही, म्हणून ही चूक पटकन दिसत नाही. ती शब्दाच्या पोटात असते. क्ष आणि ज्ञ यांचंही तेच. हिंदी कोशांत क्ष हा क मध्येच मोडतो, आपल्याकडे तो शेवटी.

तुम्हीही असा कोश करायला बसला असाल, तर वाटा तीन.

पहिली एक्सेलची. शेजारच्या रकान्यात प्रत्येक अक्षराला दोन आकडी क्रमांक द्यायचा आणि त्या रकान्यावर सॉर्ट मारायचा. शे-दोनशे शब्दांना चालतं. पुढं सूत्र इतकं लांबतं की महिन्याभरानं आपलं आपल्यालाच कळत नाही. लिब्रेऑफिसमध्ये सॉर्टच्या पर्यायांत भाषा मराठी निवडता येते, तेवढं तरी करा.

उरलेल्या दोन्ही वाटा, साधी यादी आणि आयसीयूचे नियम, भाषांवर काम करणाऱ्या एसआयएल संस्थेच्या फील्डवर्क्स या कोश करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, लिपीच्या सेटिंगमधल्या सॉर्टिंगच्या टॅबवर एकाच ठिकाणी मिळतात. सॉफ्टवेअर फुकट आहे.

साध्या यादीची रीत शूबॉक्स या एसआयएलच्याच जुन्या कोश-सॉफ्टवेअरपासूनची. एका ओळीवर एक अक्षर, वरून खाली आपल्याला हवा तो क्रम. क्ष ही दोन व्यंजनांची जोडी असली तरी ती एका ओळीवर लिहिली की एकच अक्षर धरली जाते. संगणकाचा गंध नसलेल्या गुरुजींनाही ही यादी वाचून तपासता येते, हा मोठा फायदा. खाचखळगा मात्रांचा. आम्ही हौसेनं काना, वेलांट्या यादीत सगळ्या व्यंजनांच्या वर लिहिल्या आणि 'काम' हा शब्द 'कमळ'च्या आधी जाऊन बसला. 'कमळ'मधला अ लिहिलेला नसतो. तिथं क च्या पुढं संगणकाला थेट म दिसतो. म्हणून मात्रा सगळ्या व्यंजनांच्या खाली, ज्ञ नंतर, आणि हलन्त (पाय मोडायची खूण) त्यांच्याही खाली. यादीबाहेर राहिलेलं अक्षर कुठं जाऊन पडेल त्याचा नेम नाही, तेव्हा एकही गाळू नका.

आयसीयू म्हणजे युनिकोडप्रमाणे क्रम लावणारी, अनेक सॉफ्टवेअरांच्या पोटात असलेली तयार यंत्रणा. तिच्या नियमांत उलटं आहे: मूळ क्रम तयार असतो, आपण फक्त फरक सांगायचा. आमचा सगळा फरक या एका ओळीत मावला:

&ह < ळ < क्ष < ज्ञ

एक कंस म्हणजे वेगळं अक्षर, दोन कंस म्हणजे त्याच अक्षराचा पोटभेद. मात्रांना हात लावावा लागत नाही. पण एखादी खूण चुकली की क्रम भलताच होतो, आणि कुणाला समजावून सांगायचं म्हणजे ताप.

माझा कौल: प्रमाण मराठी वर्णमाला हवी असेल तर आयसीयू, डोळे झाकून. किंवा त्याच टॅबवर 'दुसऱ्या भाषेप्रमाणे' हा पर्याय घेऊन मराठी निवडून बघा, बऱ्याचदा तेवढ्यात भागतं. बोलीसाठी क्रमच वेगळा ठरवायचा असेल आणि निर्णय चार जणांनी मिळून घ्यायचा असेल, तर साधी यादी. वेळ जाईल, पण भांडण कागदावर होईल.

क्रम लावायच्या आधी टायपिंग मात्र एकसारखं करा. ॲ हे एकच अक्षर म्हणूनही टाइप होतं, आणि अ वर चंद्र देऊनही. दिसायला सारखं, संगणकाला वेगळं. असली भेसळ नियमानं नाही, शोधून-बदलूनच निस्तरावी.

अनुस्वाराचं आमचं अजून ठरलेलं नाही. तो यादीत सगळ्यात वर ठेवला तर आंबेहळद, आडत, आवक. मात्रांच्या खाली ठेवला तर आडत, आवक आणि मग आंबेहळद. दोन्ही प्रिंटा काकांकडं दिल्यात. आंबेहळद कुठल्या पानावर आधी शोधतात ते बघायचं.