हरायची सवय मोडणारा कोच: बिल स्नायडर यांच्या कॅन्सस स्टेटमधल्या कामाचं परीक्षण

विद्यापीठ कोच नेमतं तेव्हा ते एक सेवाच विकत घेत असतं. त्यामुळे काय मिळालं, कशामुळे मिळालं आणि काय हाती लागलं नाही, हे पाहणं योग्य. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये या कसोटीवर स्नायडर यांच्याइतकं भक्कम काम क्वचितच सापडतं.

१९८८ च्या अखेरीस ते आयोवा विद्यापीठाच्या संघाच्या आक्रमणाची जबाबदारी सोडून कॅन्ससमधल्या मॅनहॅटन या छोट्या शहरात आले. सर्वोच्च श्रेणीत ५०० पराभव सर्वात आधी इथल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठाच्या संघानेच गाठले होते. संघ ऑक्टोबर १९८६ पासून एकही सामना जिंकला नव्हता. तोवरच्या इतिहासात एकच बाउल सामना (मोसम संपल्यावर चांगल्या संघांना निमंत्रण देऊन होणारा सामना), १९८२ चा, तोही गमावलेला. ३० सप्टेंबर १९८९ ला नॉर्थ टेक्सासला २०-१७ असं हरवून ती साखळी तुटली, पण त्या मोसमात तो एकच विजय मिळाला. पुढचे आकडे ५, ७ आणि पुन्हा ५ विजयांचे. १९९३ मध्ये ९ विजय, आणि त्यात कॉपर बाउलमध्ये वायोमिंगवर ५२-१७. तिथून सलग ११ मोसम संघ बाउल खेळला. म्हणजे फळ दिसायला पाच मोसम लागले. दुसऱ्या वर्षी कोच बदलणाऱ्यांना ही सेवा परवडणार नाही.

पद्धत नीट पाहण्यासारखी आहे. शाळेतून थेट येणारे नामवंत खेळाडू मॅनहॅटनला यायला तयार नव्हते, म्हणून स्नायडर दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजांकडे वळले. कॅन्ससमध्ये अशी कॉलेजं भरपूर आहेत. तिथला खेळाडू विसाव्या वर्षी अंगाने तयार असतो, पहिल्या दिवसापासून उतरवता येतो. धोका असा की त्याच्याकडे साधारण दोनच मोसम उरलेले असतात. एका वर्षाची निवड चुकली की पुढच्या वर्षी एखादी अख्खी फळी रिकामी पडते. हे खड्डे भरायला त्यांनी शिष्यवृत्तीशिवाय येणारी स्थानिक मुलं घेतली आणि त्यांना वर्षभर सामन्यांबाहेर ठेवून घडवलं. या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या तरच चालतात. नुसती पहिली उचलणारे संघ दोन-तीन वर्षांत पुन्हा खाली येतात.

मैदानावरची त्यांची खरी चाल क्वार्टरबॅकला, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूला, चेंडू घेऊन पळवण्याची. क्वार्टरबॅकने चेंडू दुसऱ्याच्या हाती दिला की तो स्वतः खेळातून जवळजवळ बाद होतो. तोच चेंडू घेऊन पळाला तर रनिंग बॅक (एरवी चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) प्रतिस्पर्ध्यांना अडवायला मोकळा होतो, म्हणजे एक अडवणारा वाढतो. मायकेल बिशप, एल रॉबर्सन आणि २०१२ मध्ये कॉलिन क्लाइन यांच्या हाती हे गणित फार सुंदर चाललं. उणीव उघड आहे: मार खाणारा माणूस तोच असतो, आणि तो जायबंदी झाला की आक्रमणच बसतं. जोडीला किक-पंटच्या, म्हणजे चेंडू लाथाडण्याच्या खेळींच्या, तुकड्यांवर भरपूर मेहनत आणि फुकट चेंडू न गमावण्याचा हट्ट. त्यांच्या सोळा उद्दिष्टांत ‘चुका टाळा’ हे एक होतंच.

वेळापत्रकावर मात्र टीका व्हायलाच हवी. लीगबाहेरचे सामने मुद्दाम सोपे ठेवले जात. १९९८ मध्ये इंडियाना स्टेट, नॉर्दर्न इलिनॉय आणि नॉर्थईस्ट लुइझियाना. हरायची सवय लागलेल्या संघाला आधी जिंकायची सवय लावायला हे औषध बरोबर, पण दहा वर्षांनंतरही तेच चालू राहिलं. त्याच १९९८ मध्ये त्यांनी नेब्रास्काविरुद्धची सलग २९ पराभवांची मालिका मोडली, पण आपल्या लीगच्या, बिग १२ च्या, अंतिम सामन्यात टेक्सास ए अँड एमकडून दुसऱ्या जादा डावात ३३-३६ असा घास तोंडाशी येऊन गेला. बीसीएस क्रमवारीत (मोठ्या बाउलसाठी संघ निवडताना वापरली जाणारी तेव्हाची राष्ट्रीय क्रमवारी) तिसरे असूनही मोठ्या बाउलने बोलावलं नाही, अलामो बाउलवर समाधान मानावं लागलं. सोप्या वेळापत्रकामुळे पत कमी होते, हे त्या निवडीच्या वेळी फार महागात पडलं असं आमचं मत. लीगचं विजेतेपद अखेर २००३ मध्ये आलं, अव्वल क्रमांकाच्या ओक्लाहोमावर ३५-७.

सर्वात मोठा दोष हस्तांतराचा. सहायक कोच घडवण्यात ते अव्वल होते, बॉब स्टूप्स आणि ब्रेंट व्हेनेबल्स त्यांच्याच हाताखाली तयार झाले; पण ही माणसं दुसरीकडे गेली. २००५ नंतर स्नायडर निवृत्त झाले, आणि पुढच्या तीन मोसमांत संघ १७ जिंकला, २० हरला. २००९ मध्ये त्यांनाच परत बोलवावं लागलं. तिसऱ्या वर्षी १० विजय, चौथ्या वर्षी ११ आणि लीगचं संयुक्त विजेतेपद. पद्धत दुसऱ्यांदाही चालली, आणि ती कागदावर उतरवून दुसऱ्याला देता येत नाही हेही दिसलं. अगदी शेवटी लवचिकता कमी झाली. २०१७ मध्ये संघ सोडू पाहणाऱ्या खेळाडूला आधी परवानगी नाकारली, टीका झाल्यावर दिली. खेळाडू सहज संघ बदलू लागले त्या काळात ही ताठर भूमिका चुकीचीच होती.

एकूण २१५ विजय, ११७ पराभव, एक बरोबरी. छोट्या गावातल्या, कमी पैशाच्या विद्यापीठाने अशाच कोचचा शोध घ्यावा. पण करारात पाच वर्षांचा धीर धरावा आणि वारसदार पहिल्या तीन वर्षांतच आत आणून ठेवावा.