लेकराचं औषध आणि उजळाईवाडीचं विमान: इन्सुलिन पाऊच घ्यावा का?

कोल्हापुरात कुठल्याही मेडिकलमध्ये "विमानात लेकराचं औषध न्यायला पिशवी द्या" म्हटलं, की काउंटरवर हमखास इन्सुलिन पाऊच येतो. आतून चंदेरी अस्तर, वरून चेन, सोबत एक-दोन जेल पॅक. वस्तू वाईट नाही. पण ती बनलीय इन्सुलिनच्या पेनसाठी, आणि मुलांच्या बहुतेक औषधांना तिची गरजच पडत नाही. म्हणून इथे पाऊचबरोबर त्याच्या जागी वापरता येणाऱ्या इतर वस्तूही पारखल्या आहेत, आणि त्याहून जास्त, आत जाणाऱ्या बाटल्या. सुरक्षा तपासणीत पिशवीमुळे क्वचित अडतं, बाटलीमुळे जास्त.

आधी नियम, कारण त्यातलं निम्मं ऐकीव असतं. भारतात १०० मिलीची अट आंतरराष्ट्रीय उड्डाणांची आहे. ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटनमध्ये शीतपेयाच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं विमानात नेण्याचा कट उघडकीला आला, त्यानंतर ती जगभर लागू झाली. प्रत्येक द्रव १०० मिलीपर्यंतच्या बाटलीत आणि त्या सगळ्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक, बंद होणाऱ्या पिशवीत. बाळाचं दूध, खाणं आणि औषध यांना सूट आहे, पण प्रवासात लागेल तेवढ्यापुरतीच. आणि ती मागावी लागते: बाटली बाहेर काढून दाखवायची, डॉक्टरांची चिठ्ठी मागितली तर द्यायची. कोल्हापूरहून मुंबई-हैदराबादला जाताना ही अट लावत नाहीत, पाण्याची बाटलीसुद्धा जाते. तरी अधिकाऱ्याला शंका आली तर शेवटचा शब्द त्याचा.

घोळ होतो तो पुढे. उजळाईवाडीहून, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावरून, थेट परदेशी विमान नाही, त्यामुळे मुंबई, बेंगळुरू किंवा हैदराबादला पुन्हा तपासणी होते आणि तिथे १०० मिलीची अट लागते. इथे कुणी न विचारलेली बाटली तिथे बाजूला काढली जाते. माप बाटलीचं धरतात, आतल्या औषधाचं नाही: २०० मिलीच्या बाटलीत तळाला ४० मिली उरलं असलं तरी ती २०० मिलीचीच.

आता बाटल्या. पहिला नंबर निर्विवाद ड्राय सिरपचा. मुलांची बरीच अँटिबायोटिक्स ३० मिलीच्या बाटलीत कोरडी पूड म्हणून येतात आणि खोक्यात निर्जंतुक पाण्याची छोटी सीलबंद बाटली असते. पूड द्रव नाही, सांडत नाही, आणि पाणी घालेपर्यंत तिला फ्रिज लागत नाही. खोक्यावर लिहिलेलं तापमान पाळलं की पुरे. पाणी घातलं की मात्र घड्याळ सुरू होतं. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडचं मिश्रण केल्यावर २ ते ८ अंशांत ठेवून ७ दिवसांत संपवायचं असतं.

इथेच आपल्या मेडिकलवाल्यांचा चांगुलपणा नडतो. "थांबा, करूनच देतो" म्हणत काउंटरवरचा पोरगा टोपण फोडून पाणी घालतो, बाटली खळखळा हलवतो आणि हातात देतो. एरवी ही उत्तम सेवा. विमान गाठायचं असेल तर तिथल्या तिथे "पाणी घालू नका, तसंच द्या" म्हणायचं. एवढ्या एका वाक्याने पाऊच, जेल पॅक, बर्फ, सगळा खर्च टळतो.

हिशोब असा: ५ मिली दिवसातून दोनदा, ५ दिवस, म्हणजे ५० मिली. ३० मिलीच्या दोन बाटल्या लागणार. प्रवासाआधी कोर्स सुरू झाला असेल तर एकीतच पाणी घाला, ती तीन दिवस पुरते. दुसरी मुक्कामी पोचून करा. करताना बाटली उलटी करून तळावर टिचक्या मारा म्हणजे पूड सुटी होते. मग निम्मं पाणी घालून हलवा, फेस बसू द्या आणि उरलेलं पाणी खुणेच्या रेषेपर्यंत घाला. सगळं पाणी एकदम ओतलं तर तळाशी गोळा राहतो, पहिले डोस पातळ आणि शेवटचे जहाल होतात. लेबलवर तारीख पेनने लिहा. आणि निर्जंतुक पाण्याचं सील प्रवासात फोडू नका. विमानतळावरच्या नळाचं पाणी हा त्याला पर्याय नाही.

तयार सिरप आणि सस्पेन्शनचा (हलवून द्यायचं पातळ औषध) दुसरा नंबर. पॅरासिटामॉलची बाटली बहुधा ६० मिलीची, म्हणजे परदेशी नियमातही बसते आणि तिला थंड पिशवीची गरज नाही. धोका वेगळाच आहे: एकाच औषधाच्या तीन ताकदी. ड्रॉप्समध्ये दर मिलीला १०० मिलिग्रॅम, २५०च्या सिरपमध्ये (५ मिलीत २५० मिलिग्रॅम) ५० आणि १२०च्या सिरपमध्ये २४. घरी १२०ची बाटली आणि प्रवासासाठी "लहान बाटली बरी" म्हणून ड्रॉप्स घेतले आणि माप जुनंच ठेवलं, तर डोस चौपटीच्या वर जातो. बाटली बदलली की मिलीचा आकडा डॉक्टरांकडून नव्याने लिहून घ्या.

मोठ्या बाटल्यांची गोष्ट निराळी. फिट्ससाठी रोज द्यायची सिरपं, बद्धकोष्ठाचं लॅक्ट्युलोज, यांच्या बाटल्या १०० किंवा २०० मिलीच्या. १०० मिलीच्या वरच्या बाटलीला औषध म्हणून सूट मिळते, पण चिठ्ठी लागतेच. ग्राइप वॉटर तर मधल्या मधे लटकतं: नेहमीची बाटली १३० मिलीची आणि चिठ्ठी कुणीच लिहून देत नाही. ते सरळ चेक-इन सामानात टाका किंवा घरी ठेवा. बाळाचं काही बिघडत नाही. बाळगुटीची मुळं कोरडी असल्याने द्रवाच्या नियमात येत नाहीत, फक्त सौदीला जाणाऱ्यांनी त्यातलं जायफळ काढून ठेवावं, तिथे ते आणायला बंदी आहे.

ओआरएसची पुडी नेहमी कोरडीच न्या आणि तपासणी पार पडल्यावर कालवा. एक लिटरची पुडी पेल्यात अंदाजाने चमचाभर टाकून कालवणं चुकीचं; प्रवासात २०० मिलीची छोटी पुडी घ्या. नेब्युलायझरच्या २ मिलीच्या प्लास्टिक नळ्या तपासणीत काहीच त्रास देत नाहीत, फक्त त्या फॉइलच्या पाकिटातच राहू द्या, कारण नाव आणि बॅच त्यावर ठळक असतं. यंत्र मात्र लॅपटॉपसारखं वेगळ्या ट्रेमध्ये.

एक चूक घरोघरी होते: होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत थोडं सिरप ओतून नेणं, किंवा डोस आधीच सिरिंजमध्ये भरून ठेवणं. बिनलेबलचा गुलाबी द्रव पाहून कुठलाही अधिकारी थांबणारच. मूळ बाटली, मूळ खोकं. सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज रिकामीच न्या.

आता पाऊच. कुणासाठी आहे? पाणी घातलेलं अँटिबायोटिक मधेच न्यावं लागतंय किंवा मूल इन्सुलिनवर आहे, त्यांच्यासाठी. ३० मिलीची बाटली आडवी मावते, ६० मिलीची खोक्यासकट मावत नाही, १०० मिलीची विसराच. खोकं काढलं तर घडी करून पाऊचमध्येच ठेवा. जेल पॅक रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून सकाळी दहा मिनिटं बाहेर ठेवायचा आणि रुमालात गुंडाळून मगच आत घालायचा. कडक गोठलेला पॅक बाटलीला चिकटला तर औषध गोठतं. गोठलेलं सस्पेन्शन नंतर नीट मिसळत नाही आणि गोठलेलं इन्सुलिन तर फेकायचंच. पाकिटावर "इतके तास थंड" असं छापलेलं असतं त्यावर फार विसंबू नका. बाहेरचं तापमान किती धरलंय हे तिथे नसतं, आणि मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या पाऊचला तो आकडा लागू नाही. जेल पॅक दोन असलेलाच घ्या. एका पॅकवाल्याला पाचपैकी दोन, दोनवाल्याला साडेतीन.

पाण्यात भिजवून वापरायचा दुसरा पाऊच ऑनलाइन मिळतो. आतले स्फटिक पाणी पिऊन फुगतात आणि बाष्पीभवनाने गारवा धरतात. फ्रीझर लागत नाही, काही गोठायची भीती नाही, वापरात असलेल्या इन्सुलिनला झकास. पण तो २ ते ८ अंशांपर्यंत जात नाही, त्यामुळे ड्राय सिरपच्या मिश्रणाला निरुपयोगी. शिवाय हवा कोरडी हवी. आपल्याकडच्या आषाढात, भिंतीलाही ओल आलेली असताना, त्यात बाष्पीभवन होणार कसं?

स्टीलच्या थर्मासात बर्फ आणि त्यात बाटली, ही जुनी युक्ती मुंबईपर्यंत ठीक. पुढे वितळलेला बर्फ म्हणजे १०० मिलीच्या वरचं पाणी. ते तपासणीआधी ओतून टाका आणि आत गेल्यावर खाण्याच्या स्टॉलवर बर्फ मागा. आणि साधी पारदर्शक झिपलॉक? स्वस्त, आत काय आहे ते न उघडता दिसतं, बाटली गळली तर बाकीचं सामान वाचतं. नव्वद टक्के पालकांना हीच पुरे, असं आमचं मत. पाचपैकी पाच.

कागदपत्रांत नावाचा घोळ जास्त. चिठ्ठीवर "चि. पिंटू" किंवा नवजात बाळासाठी "बेबी ऑफ" अमुक आणि तिकिटावर पूर्ण नाव, असं चालवून घेतलं जातं खरं, पण परदेशी प्रवासाला ही रिस्क नको. लेटरहेडवर इंग्रजीत पासपोर्टप्रमाणे नाव, औषधाचं जेनेरिक नाव, ताकद, डोस, किती दिवस, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि शिक्का. आपला ब्रँड दुबईत कुणाला कळणार? मेडिकलच्या बिलावरही लेकराचंच नाव घालून घ्या, बाबांचं नको.

आखाती देशांत जाणाऱ्यांनी एक गोष्ट आठवडाभर आधी पाहावी. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, फिट्ससाठीचं फिनोबार्बिटोन सिरप किंवा मिडाझोलमचा नाकात मारायचा स्प्रे ही नियंत्रित औषधं आहेत. संयुक्त अरब अमिरातीत अशांसाठी तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी आधी घ्यावी लागते. ती नसेल तर भारतातली तपासणी पार होऊनही तिकडे उतरल्यावर अडचण.

प्रत्यक्ष तपासणी अवघड नाही. मार्च २०२४ मध्ये उद्घाटन झालेलं उजळाईवाडीचं नवं टर्मिनल आटोपशीर आहे, मुंबईसारखी लांबलचक चाल नाही. पट्ट्याजवळ पोचण्याआधीच औषधाची पिशवी मोठ्या बॅगेतून काढून हातात ठेवा. तिला वेगळा ट्रे द्या, चेन उघडी ठेवा आणि विचारण्याआधी सांगा, "बच्चे की दवा है, साथ में आइस पॅक है." जवान मराठी असेलच असं नाही, म्हणून हिंदीत. बॅगेच्या तळाशी लपेटलेला जेल पॅक पडद्यावर नुसता गडद चौकोन दिसतो आणि मग सगळी बॅग उपसली जाते. क्ष-किरणांनी सिरप किंवा इन्सुलिन खराब होत नाही, त्यावरून हुज्जत घालू नका. कधी पट्टी फिरवून स्फोटकांची चाचणी घेतात, मिनिटभराचं काम. दूध किंवा पाणी असेल तर पालकांना घोटभर प्यायला सांगू शकतात.

पाऱ्याचा थर्मामीटर केबिनमध्ये चालत नाही, तो डबीत घालून चेक-इन सामानात. डिजिटल बिनधास्त न्या.

शेवटचा टप्पा लोक विसरतात. कोल्हापूरहून उडणारी विमानं लहान, एटीआर किंवा एम्ब्रेअरसारखी, आणि त्यांचे वरचे कप्पेही लहान. केबिन बॅग विमानाच्या दारात काढून पोटात टाकायला घेऊ शकतात. तेव्हा औषधाची पिशवी बॅगेत असेल तर तीही गेली. ती वेगळी होईल अशीच ठेवा, पायाशी घ्या. फिट्सचा स्प्रे तर आई-बाबांच्या खिशात. "फ्रिजमध्ये ठेवाल का" असं केबिन क्रूला विचारून उपयोग नाही, फार तर बर्फ मिळेल.

वर गेल्यावर केबिनमधला हवेचा दाब कमी होतो आणि बाटलीतली हवा फुगते. ड्रॉपर बसवलेली बाटली असेल तर तो दाब औषधाला नळीतून रबरी बोंडात ढकलतो आणि कडेने चिकट थेंब पाझरतो. म्हणून ड्रॉप्सला प्रवासात मूळ साधं टोपण लावा आणि ड्रॉपर वेगळ्या छोट्या झिपलॉकमध्ये ठेवा. बाटली उभीच राहू द्या. उतरल्यावर पहिल्यांदा उघडताना खाली टिश्यू धरा आणि टोपण अर्धा आटा फिरवून क्षणभर थांबा, आतली हवा सुटू द्या, मग पूर्ण काढा.