हॅकेथॉन की वॉर्डातलं एक वर्ष: मेडिकलच्या पोरांनी काय निवडावं

"मॅडम, हॅकेथॉनला नाव देऊ की तुमच्या वॉर्डच्या ग्रुपला येऊ, दोन्ही नाही जमणार." दरवर्षी सेकंड इयरची तीन-चार पोरं येऊन हे विचारतात आणि मी कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या अर्धवट उत्तर देते, म्हणून एकदा नीट लिहूनच टाकते. मी नाशिकला एका मेडिकल कॉलेजात मेडिसिन शिकवते, हॅकेथॉनला मेंटॉर म्हणून बरेचदा बसलेय, आणि गेली चार वर्षं इंजिनिअरिंगच्या एका सरांबरोबर वर्षभराचा छोटा कोर्स चालवतेय, त्यामुळे दोन्हीकडचं जवळून बघितलंय.

हॅकेथॉन म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी टीम पाडायची, रात्रभर जागून एखादं यंत्र किंवा अ‍ॅप बनवायचं आणि रविवारी दुपारी परीक्षकांसमोर पाच मिनिटांचं प्रेझेंटेशन. माहोल जबरदस्त असतो. मेडिकलच्या पोरांना आयुष्यात पहिल्यांदा सोल्डरिंग बघायला मिळतं, कोडिंगवाल्या पोरांशी दोस्ती होते, आणि "आपणही काहीतरी बनवू शकतो" हे जे मनात बसतं ना ते पुस्तकातून कधीच बसत नाही.

वॉर्डातला कोर्स याच्या अगदी उलटा, पहिले तीन महिने काहीच बनवायचं नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ दोन तास वॉर्डात बसायचं, बघायचं, वहीत लिहायचं, आणि वहीत उपाय लिहिला की मी तो खोडते. ही पद्धत माझी नाही, अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात पॉल यॉक या हृदयरोगतज्ज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायोडिझाइनचा, म्हणजे गरज बघून मेडिकल उपकरणं बनवायला शिकवणारा, प्रोग्राम सुरू केला तिथली आहे, नंतर त्याच धर्तीवर दिल्लीत एम्स आणि आयआयटीने मिळून फेलोशिप चालवली. आधी गरज शोधा, मग उपाय, मग तो बाजारात आणि पेशंटपर्यंत न्या, असे तीन टप्पे. गरज एका वाक्यात लिहायची: अडचण काय, कोणाला, आणि ती सुटली तर नेमकं काय बदलेल. सुरुवातीला शेकडो गरजा जमतात, गाळून गाळून एक उरते. आमच्याकडे शेकडो नाही जमत, चाळीस-पन्नास जमतात, तेवढ्या पुरतात.

फरक कुठे पडतो ते सलाईनच्या गोष्टीवरून सांगते कारण तोच विषय मी दोन्हीकडे बघितलाय.

एका हॅकेथॉनला आमच्या टीमने सलाईन संपल्याचा अलार्म केला होता. बाटली लोड सेलला, म्हणजे वजन मोजणाऱ्या सेन्सरला, टांगायची, वजन कमी झालं की बझर वाजणार आणि सिस्टरच्या मोबाईलवर मेसेज जाणार. टेबलावर झकास चाललं, बक्षीस मिळालं, फोटो निघाले. सोमवारी मी त्याच पोरांना ते घेऊन वॉर्डात यायला सांगितलं. तीस-पस्तीस पेशंट, रात्री एक सिस्टर, दोन कॉटमागे एक प्लग पॉइंट आणि त्यात नातेवाइकाचा मोबाईल चार्जिंगला. दोन बाटल्या स्टँडऐवजी खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेल्या. एक आजोबा बाटली हातात उंच धरून बाथरूमला निघाले होते, मग वजन कशाचं मोजणार? सिस्टरने यंत्र हातात घेऊन नीट बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "बाळा, बाटली संपली की नातेवाईक मला सांगतातच रे, ती अडचण नाहीये माझी." मग अडचण काय आहे, हे विचारायला त्या टीमकडे वेळच उरला नव्हता कारण हॅकेथॉन रविवारीच संपला होता, आणि ते यंत्र आता कपाटात आहे.

दोन वर्षांनी कोर्सच्या पोरांनी तोच वॉर्ड तीन महिने बघितला. एका मुलीच्या वहीतली नोंद अशी होती: सिस्टरने घड्याळ बघून मिनिटाला ४० थेंब लावले, वीस मिनिटांनी परत मोजले तर ७२. ती रोज मोजायला लागली. कुठे पेशंटने हात वाकवला होता, कुठे कूस बदलली होती, आणि बऱ्याच ठिकाणी नातेवाइकानेच लवकर संपावं म्हणून नळीवरची थेंब कमी-जास्त करायची चाकी फिरवली होती. हिशोब साधा आहे, २० थेंबांना एक मिली देणारा नेहमीचा सेट धरला तर ५०० मिलीची बाटली ४० थेंबांनी चार तासांहून थोडी जास्त चालते, ८० झाले की दोन तासांत रिकामी. तरण्याताठ्या माणसाला चालून जाईल, पण हार्ट कमजोर असलेल्या आजीच्या फुप्फुसात पाणी भरू शकतं. म्हणजे खरी गरज बाटली संपल्याचं कळण्याची नव्हतीच, सिस्टरने लावलेला रेट कोणी हलवू नये ही होती. त्यातून त्या ग्रुपने चाकीवर बसणारी प्लॅस्टिकची छोटी क्लिप केली, वीज नाही, चार्जिंग नाही, सिस्टर काढू शकते पण घाईत असलेल्या नातेवाइकाला सहज निघत नाही. हात वाकवल्यावर बदलणारा रेट ती क्लिप थांबवत नाही हेही पोरांनी स्वतःच वहीत लिहिलं, मला त्याचं जास्त कौतुक वाटलं. पेशंटवर अजून वापरलेली नाही, बादलीत सलाईन सोडून टेस्ट झाल्यात आणि पेशंटवर वापरायची परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीचे कागद तयार करणं चालू आहे.

इथे एक गोष्ट पोरांना माहीतच नसते. पेशंटवर उपचारासाठी वापरायची अशी वस्तू २०१७ च्या मेडिकल डिव्हाइस रूल्समध्ये येते, धोक्याप्रमाणे ए, बी, सी, डी असे वर्ग आहेत, आणि "फक्त ट्राय करून बघतो" म्हणून कोणाला काही लावता येत नाही. हॅकेथॉनमध्ये याला हात लावायला वेळच नसतो, कोर्समध्ये लागतो कारण तिथे कमिटीचा फॉर्म स्वतः भरावा लागतो. पेटंटचंही तसंच आहे, अर्ज करायच्या आधी स्टेजवर सगळं उघड दाखवलं आणि इन्स्टावर टाकलं तर नंतर नावीन्य सिद्ध करताना अडचण येते. प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता अर्ज आधी टाका, पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात.

वेळेचं म्हणाल तर हॅकेथॉनला एक वीकेंड जातो, कोर्सला वर्षभराच्या संध्याकाळी जातात, आणि पॅथॉलॉजी-फार्माकॉलॉजीच्या टर्मिनलच्या आठवड्यात मी स्वतःच सुट्टी देते. पैशाचा फार फरक नाही. सर्टिफिकेट आणि सीव्ही हवा असेल तर हॅकेथॉन झटपट देतो हे खरंय, त्यात वाईट काही नाही. पण कोर्समध्ये दर वर्षी अर्धी मुलं दिवाळीनंतर गळतात हेही सांगायला हवं. तीन महिने नुसतं बघणं कंटाळवाणं असतं आणि ज्याला हाताने काहीतरी करायचंय त्याला ते जड जातं.

हॅकेथॉन नेहमीच वरवरचा असतो असंही नाही. नाशिकमध्येच २०१५ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने कुंभथॉन झालं, आपल्याच नाशिकचे रमेश रासकर आणि त्यांची एमआयटी मीडिया लॅबची मंडळी त्यात होती. मला त्यातलं घेण्यासारखं वाटतं ते असं की प्रश्न गावातला होता, गर्दीचा, आरोग्याचा, राहण्याचा, आणि काम एका रविवारी संपलं नाही. आता २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, असं काही निघालं तर जरूर जा.

बाकीचे पर्याय थोडक्यात. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेची एसटीएस (शॉर्ट टर्म स्टुडंटशिप) म्हणजे विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांचा रिसर्च, त्यात वस्तू बनत नाही पण प्रश्न नीट मांडायला आणि आकडे गोळा करायला शिकता, वॉर्डच्या कोर्सला ती छान जोड आहे. आयआयटी मुंबईचं बेटिक २०१४ पासून डॉक्टर आणि इंजिनिअर एकत्र बसवून मेडिकल डिव्हाइसवर काम करतंय, पण तिकडे जाताना हातात पक्की गरज असेल तरच उपयोग, नाहीतर तिथेही पहिला प्रश्न तोच विचारतील.

तर माझं मत स्पष्ट आहे. फर्स्ट इयरला असाल, इंजिनिअरिंगचं कोणी ओळखीचं नसेल, तर एक हॅकेथॉन करा, भीती जाते. सेकंड इयरपासून वॉर्डातली पोस्टिंग सुरू झाल्यावर मात्र वॉर्डचा कोर्स घ्या, कारण पेशंटच्या उशाशी उभं राहायची जी मुभा तुम्हाला आहे ती इंजिनिअरिंगच्या मुलाला नाही आणि ती सोडून कोडिंग करत बसण्यात मला शहाणपण वाटत नाही. दोन्ही करायचंच असेल तर क्रम उलटा करा, सहा महिने वॉर्ड बघा आणि मग गाळून उरलेली गरज घेऊन हॅकेथॉनला जा, दोन दिवसांत खरंच कामाचा प्रोटोटाइप, म्हणजे पहिला नमुना, होतो. पुढचं शीट मेटल किंवा मोल्डिंग नाशिकच्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांत करून मिळतं, ती सोय प्रत्येक शहरात नसते.

तुमच्या कॉलेजात असा कोर्स नसेल तर चार जण मिळून सुरू करा. एचओडींची (विभागप्रमुखांची) लेखी परवानगी घ्या, वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरना आधी भेटा आणि त्यांना कुठली वेळ चालेल ते विचारा, पेशंटचं नाव किंवा फोटो वहीत नको, औषधं वाटायच्या वेळी मध्ये उभं राहू नका. संध्याकाळी पाच ते सात बरं पडतं, नातेवाईक येतात आणि वॉर्ड खरा कसा चालतो ते दिसतं. वही आणा, लॅपटॉप पहिले तीन महिने हॉस्टेलवरच ठेवा.