नाथसागराच्या काठाने आठ महिने: ग्रॅव्हल सायकल, सराटे आणि वापसा

ग्रॅव्हल सायकल, म्हणजे कच्च्या वाटांसाठी बनवलेली सायकल, नोव्हेंबरात घेतली, आता जून लागलाय. मधल्या काळात 2,300 किलोमीटर झाले आणि त्यातले निम्म्याहून जास्त डांबर नसलेल्या जमिनीवर. घेण्याआधी ज्यांना ज्यांना विचारलं ते सगळे पुण्याकडच्या घाटांत चालवणारे. काळ्या मातीत ही सायकल कशी वागते हे सांगणारं कुणी भेटलं नाही, म्हणून हे लिहितेय.

माझं पैठणला औषधांचं दुकान आहे. शटर साडेनऊला वर जातं, म्हणजे पहाटे साडेपाच ते आठ एवढाच वेळ माझा. आधी साधी हायब्रिड सायकल संभाजीनगर रोडला चालवायचे. बिडकीनकडून येणारे ट्रक आणि हंगामात उसाच्या जोडट्रॉल्या कानाला वारा देऊन गेल्या की हँडल आपोआप कच्च्यावर वळायचं. शेवटी म्हटलं, कच्च्यावरच जायचंय तर कच्च्याचीच सायकल घेऊ.

नाथसागर म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय, साधारण 55 किलोमीटर लांब आणि 27 किलोमीटर रुंद. धरण 1976 साली पूर्ण झालं, 1986 पासून हे पक्षी अभयारण्य आहे. पण इथे कुणी आखून दिलेला ट्रॅक नाही, आणि हेच बाहेरच्यांना पटत नाही. दिवाळीच्या सुमाराला पाणी भरलेलं असतं. रब्बीची आवर्तनं, म्हणजे कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या, सुटली की ते मागे सरकायला लागतं आणि त्याच्या मागोमाग माणसं सरकतात. आधी भोयांची जाळी आणि थर्माकोलचे तराफे, मग पाणी उपसायच्या मोटारी, मग गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळातली पेरणी. नोव्हेंबरात जिथे पाण्याची कड होती तिथे जानेवारीत हरभरा उभा. त्यामुळे माझी वाट दर पंधरा दिवसांनी बदलायची. फोनमध्ये जपून ठेवलेला जुना मार्ग उघडला की तो सरळ कुणाच्या तरी हरभऱ्यातून जायचा. पेरलेल्यात चाक घालायचं नाही. बैलगाडीची चाकोरी धरायची, तीही नसेल तर उतरून बांधावरून चालायचं.

सायकल अशी: अॅल्युमिनियमची फ्रेम, कार्बनचा फोर्क (पुढचं चाक धरणारा दुबेळका), तारेचे डिस्क ब्रेक, गिअरच्या चकत्यांचे दात पुढे 46-30, मागे 11-34, टायर 40 मिलिमीटर रुंद. वजन अकरा किलोच्या आसपास. किंमत नव्वद हजारांच्या आत बसली. घरी मात्र आकडा थोडा कमी सांगितलाय. हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं वळलेलं असल्यामुळे पिंपळवाडीकडची पोरं अजून विचारतात, "ताई, हँडल वाकडं झालं का ओ?"

आता काट्यांचं. ग्रॅव्हलची सगळ्यात गाजलेली शर्यत अमेरिकेत कॅन्ससमधल्या एम्पोरिया गावी भरते. ती 2006 साली सुरू झाली. आमच्याकडे ते साल पैठणात पाणी शिरल्याचं म्हणून लक्षात आहे. तिथले गारगोटीचे दगड टायर फाडतात म्हणे. आमच्याकडे दगड काही करत नाही, जे करतो ते सराटा, जमिनीवर पसरणाऱ्या वेलीचं काटेरी फळ. त्यावर वेडी बाभूळ. कंपनीने ट्यूब घालून सायकल दिली होती आणि पहिल्या महिन्यात माझे अकरा पंक्चर झाले. एका सकाळी तर एकाच ट्यूबमध्ये चार. त्या दिवशी दुकान साडेदहाला उघडलं आणि गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली.

डिसेंबरात ट्यूब काढून टायर ट्यूबलेस करून घेतले. रिमला टेप, नवे वॉल्व, आत सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं पातळ द्रव. तेव्हापासून वाटेत थांबावं लागलं ते फक्त दोनदा. सराट्याचं भोक सीलंट स्वतःच बुजवतं. बाभळीचा लांब काटा असेल तर तो उपटायचा, भोक खाली येईल असं चाक फिरवायचं आणि अर्धा मिनिट धीर धरायचा. त्यानेही भागलं नाही तर रबराची दोरी खुपसायची. दोन गोष्टी मात्र कुणी सांगत नाही. पहिली, आपल्या उन्हात सीलंट लवकर सुकतं. डबीवर काहीही लिहिलेलं असो, मार्चपासून मी दर दोन महिन्यांनी भर घालते. दुसरी, स्टँडजवळच्या पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसर असतो, पण त्याची नळी मोटारसायकलच्या वॉल्वची. पितळेचा छोटा अडॅप्टर पिशवीत ठेवा. तीसचाळीस रुपयांची वस्तू, पण ती नसली की नव्वद हजारांची सायकल खांद्यावर येते.

हवा मी 32-35 पीएसआय ठेवते. माझं वजन 62 किलो. डांबरावर ही हवा कमी वाटते, पण मुरमावर अंग हाणून निघत नाही. ग्रॅव्हल म्हणजे आपला मुरूमच, आणि मुरमावर ही सायकल खरंच सुखाची आहे. डाव्या कालव्याच्या भरावावर काही तुकडे असे आहेत की वीस-वीस मिनिटं ब्रेकला हात लागत नाही. समोरून आलीच तर म्हैस.

काळी माती हा वेगळा विषय. ओली असेल तर एकच नियम, जाऊ नका. जानेवारीत अवकाळीच्या दुसऱ्या दिवशी मी अतिशहाणपणा केला. एक मेंढपाळ लांबून ओरडत होता, "ताई, तिकडून नका जाऊ, लई गाळ हाय, रुताल!" मी हात हलवून पुढे गेले. शंभर पावलांत टायर आणि फोर्कमध्ये माती ठासली आणि चाक फिरायचं बंद झालं. ढकलताही येईना, उचलावी म्हटलं तर वजन दुप्पट. काडीने माती कोरत बसले तेव्हा तोच माणूस मेंढरं घेऊन जवळून गेला. काही बोलला नाही, हे जास्त लागलं. तेव्हापासून शेतकऱ्याचाच हिशोब लावते: शेताला वापसा आला, म्हणजे माती औत चालण्याइतकी सुकली, की सायकलला वापसा. रानात औत चालताना दिसलं की मी निघते.

एप्रिल-मे उलट तऱ्हा. उघड्या पडलेल्या तळाला भेगा पडतात, काही टायरपेक्षा रुंद. भेगेला समांतर गेलात तर चाक आत अडकलंच. आडवं कापायचं, आणि नजर लांब ठेवायची. शिवाय फुफाटा. पातळ तेल लावलेल्या साखळीवर तो बसला की काळा लेप होतो आणि दात झिजतात. मी मेणाचं ल्युब वापरते, दर आठवड्याला साखळी कोरड्या फडक्याने पुसते. अजून मूळचीच साखळी आहे.

इथे चढ नाही. तरी 30-34 चा हलका गिअर मी रोज वापरते, तो वाऱ्यासाठी. मे महिन्यात पश्चिमेचा वारा मोकळ्या पाण्यावरून येतो, त्याला अडवायला झाड नाही की टेकडी नाही. जाताना नाकावर, येताना पाठीवर. हँडलच्या खालच्या भागाला धरून वाकायची सोय असल्याचे पैसे तिथे वसूल झाले.

पक्ष्यांबद्दल एक गंमत. मला वाटायचं सायकलला आवाज नाही, तर पक्षी जवळ जाऊ देतील. पण पेडल थांबवलं की मागच्या चाकाची टकटक सुरू होते. बैलगाडीला मान न वळवणारे पट्टकदंब माझ्या टकटकीला उडायचे. आता थवा दिसला की पेडल मारत राहते किंवा लांबच उतरते. हिवाळ्यात हरभऱ्याच्या रानात करकोचे उतरतात, उथळ पाण्यात रोहित दिसतात. कपाळावर पांढरा टिळा असलेल्या काळ्या पाणपक्ष्याला मराठीत वारकरी म्हणतात. नाथांच्या गावाजवळ तो शेकड्यांनी असावा हे मला फार आवडतं.

एप्रिलपासून मी पाण्याची कड सोडली. टिटवी, शेकाट्या, सुरय उघड्या मातीवरच अंडी घालतात, आणि अंड्यांचा रंग मातीचाच. सायकलवरून ती दिसत नाहीत. दोन टिटव्या डोक्यावर ओरडत झेपावल्या तेव्हा कळलं. वरच्या बाजूची गाडीवाट थोडी कंटाळवाणी आहे, पण तिच्यावर पायाखाली कुणाचं घर येत नाही. वरच्या वाटेवर मोटारींचे काळे पाइप आडवे असतात, ते उतरून ओलांडावेत. पाइपाशेजारी वायर असेल तर तिच्यावर चाक अजिबात घालू नका, सांधे उघडे असतात. धनगरांची कुत्री धावून आली तर थांबा, उतरा, सायकल मध्ये धरा. आणि धरणाच्या भिंतीवरून सायकल न्यायचं डोक्यातून काढा.

तक्रारी दोन. मूळचं सीट माझ्यासाठी अरुंद होतं. तीन आठवडे सोसलं आणि मग रुंद घेतलं. दुसरी मोठी. मार्चमध्ये सायकल उजव्या अंगावर पडली आणि गिअरचा हँगर, म्हणजे मागचा गिअर फ्रेमला जोडणारा तुकडा, वाकला. तळहातात मावेल एवढा, पण प्रत्येक फ्रेमचा वेगळा. ज्या दुकानातून सायकल घेतली त्यांनी "चार दिवसांत" म्हणत पाच आठवडे लावले. नाथषष्ठीची गर्दी ओसरली, ऊन चढलं, थंड पहाटेचे शेवटचे दिवस मी पायी फिरण्यात घालवले. आता दोन जादा हँगर कपाटात आहेत. तुम्ही घ्याल तेव्हा बिल करायच्या आधी हँगर मागा, मग हेल्मेटवरच्या सवलतीचं बोला.

रोज डांबरानेच जायचं असेल तर ही घेऊ नका, हायब्रिड निम्म्या पैशांत येते. डोंगरात उड्या मारायच्या असतील तरी ही नव्हे. कालवा, गाडीवाट, मुरूम, मध्ये पाचेक किलोमीटर डांबर असं मिश्र असेल तर घ्या. टायर मात्र 45 चा घ्यावा असं आता वाटतं. फ्रेममध्ये तो जेमतेम बसतो, म्हणजे चिखल आणखी लवकर ठासेल. पण चिखलात जायचंच नाही हे ठरलेलं आहे.

परवा मृगाचा पहिला पाऊस झाला. सायकल दुकानामागच्या खोलीत टांगलीय. रविवारी दुपारी टायर काढून चिमट्याने सराटे उपटत बसले होते. पुढच्यातून एकोणीस निघाले, मागच्यातून सदतीस.