रॅबिटएमक्यू आणि पायथन: वर्षभर वापरल्यावर

नागपूरच्या कळमन्यातल्या एका अडत्याचं काम आहे माझ्याकडे, संत्र्याचा भाव ठरला की शेतकऱ्यांना एसएमएस जायला पाहिजे, तर त्यासाठी रॅबिटएमक्यू (मेसेज रांगेत ठेवून पुढं पोचवणारं सॉफ्टवेअर) लावलं अन् पायथनमधून पिका लायब्ररीनं मेसेज टाकून राहिलो. सुरुवात लय सोपी आहे, ५६७२ पोर्टला जोडा, क्यू (मेसेजची रांग) डिक्लेअर करा, झालं.

पण एक दिवस लाइट गेली नं भाऊ, सर्व्हर परत चालू केला तर क्यू जागेवर अन् आत मेसेज एकही नाही! चूक माझीच, क्यू ड्युरेबल (सर्व्हर बंद पडला तरी टिकणारी) केली होती पण मेसेजला डिलिव्हरी मोड २ (म्हणजे मेसेज डिस्कवर साठव) दिलाच नव्हता, दोन्ही लागतात. ऑटो अ‍ॅक (मेसेज मिळताच आपोआप जाणारी पावती) पण बंद ठेवा, काम झाल्यावरच अ‍ॅक पाठवा, म्हणजे स्क्रिप्ट मधेच मेली तरी मेसेज परत क्यूत येतो (कधी दोनदा जातो, तेवढं सांभाळा). प्रीफेच १ (एका वेळी एकच मेसेज) केल्यावर एकाच वर्करवर (मेसेज उचलून काम करणारी स्क्रिप्ट) सगळा लोड पडणं थांबलं.

डोकेदुखी म्हणजे हार्टबीट, कनेक्शन जिवंत आहे हे कळवणारा ठरावीक वेळेचा सिग्नल. कॉलबॅकमध्ये (मेसेज आला की चालणारं फंक्शन) जास्त वेळ अडकलं की कनेक्शन तुटते, मग लांबलचक कामासाठी वेगळा थ्रेड वापरा. १५६७२ वरची मॅनेजमेंट स्क्रीन मात्र एकदम झकास, प्लगइन तेवढं चालू करा.

पाचपैकी चार.