वॉशिंग मशीनच्या दाराचं रबर बदलायची स्प्रिंग पक्कड : उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

फ्रंट लोड मशीनच्या दाराचं रबर बदलायला म्हणून जी खास हत्यारं ऑनलाइन विकतात, त्यातलं एकच घेण्यासारखं आहे : दाबली की उघडणारी स्प्रिंग पक्कड. ती ज्या संचात विकतात त्यातलं बाकीचं सामान म्हणजे बरीचशी भरताड. उन्हाळ्यात घेतलेली ही पक्कड, आता दिवाळी होऊन गेली. मधल्या काळात आमचं मशीन, वहिनींचं, शेजारच्या अण्णांचं आणि ओळखीतली आणखी काही, एवढी कामं तिच्यावर झाली. तेव्हा आता तिच्याबद्दल बोलायला हरकत नाही.

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. पक्कड, पाने, सर्क्लिप (दांड्यावरचा भाग सरकू नये म्हणून खाचेत बसवायची पोलादी कडी) हे रोजचंच. त्यामुळे ‘खास हत्यार’ असं लिहिलेलं दिसलं की आधी शंका येते, कारण निम्म्या वेळा ते साध्याच हत्याराला रंगीत मूठ लावून विकलेलं असतं. हे तसं निघालं नाही.

रबर खराब का होतं, ते आधी बघू. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. उजनी धरणाचं आलं की टाक्या भरायच्या, ते संपलं की बोअर. बोअरचं पाणी जड. रबराच्या घडीत त्याचा पांढरा क्षार धरतो, त्यावर साबणाचा चिकटा बसतो आणि त्या चिकट्यात टॉवेलची लव अडकते. नवा टेरी टॉवेल पहिल्या काही धुण्यांत किती लव सोडतो, हे सोलापूरकराला सांगायला नको. ती ओली लव घडीत राहिली की काळी बुरशी आलीच. त्यात आपल्या चादरी. भिजलेली चादर ड्रममधून दोन्ही हातांनी खेचून काढताना रबराची खालची कडा तिच्याबरोबर ओढली जाते, दर वेळी थोडी थोडी. खिशातली नाणी आणि केसांच्या पिना असतातच. मी पाहिलेली बहुतेक रबरं खालीच फाटलेली होती, घड्याळात सहा वाजतात त्या जागेच्या आसपास. पाणी, कचरा, पिना सगळं तिथंच साठतं.

रबर वरच्या बाजूला किंवा एकाच कडेला घासून गेलेलं दिसलं, तर मात्र नुसतं रबर बदलून भागायचं नाही. ड्रम जास्त हलतोय का ते बघा. खालचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर गेले असतील तर नवं रबरही तसंच घासणार, आणि तुम्ही पकडीला नावं ठेवणार.

या रबराला दोन कडा असतात. आतली कडा टबच्या, म्हणजे ड्रमभोवतीच्या भांड्याच्या, तोंडावर चढते, बाहेरची पुढच्या पत्र्याच्या गोल कडेवर. दोन्हीवरून एकेक रिंग आवळलेली असते. बाहेरची रिंग बहुधा बारीक तारेची असते आणि तिच्यात एका जागी बोटभर लांबीची स्प्रिंग असते. आतली रिंग जाड. काही मशीनमध्ये तिलाही स्प्रिंग असते, काहींमध्ये स्क्रू. खरेदीच्या आधी एवढंच बघायचं असतं, पण विकणारे ते कुठंच लिहीत नाहीत. आतली रिंग स्क्रूची असेल तर ती पेचकसानं नाहीतर छोट्या बॉक्स पान्यानं ढिली होते आणि पक्कड फक्त बाहेरच्या रिंगेपुरती लागते. दोन्हीकडे स्प्रिंग असेल तर मात्र पैसे वसूल. बाहेरची रिंग दार उघडून रबर आत दुमडलं की दिसते. आतली बघायला मशीनचं वरचं झाकण काढून, टबच्या पुढच्या फटीत मोबाइलचा टॉर्च मारावा लागतो.

रिंग काढायला या पकडीची गरज नाही, हे स्पष्ट सांगतो. चपटा पेचकस स्प्रिंगखाली घालून उचलला की बाहेरची रिंग निघून हातात येते. सगळं रडगाणं ती परत बसवताना असतं. रिंग मुद्दाम रबरातल्या खाचेपेक्षा लहान केलेली असते, म्हणून तर ती रबर आवळून धरते. बसवताना स्प्रिंग ताणून धरायची आणि त्याच वेळी बाकीची तार गोलभर खाचेत राहिली पाहिजे. खाली ओढलं की वरून सुटते, वर बसवली की खालून. दोन माणसं, दोन पेचकस आणि एक नोज प्लायर घेऊनही हे जमतं, पण नव्या रबराला ओरखडा न पडता जमेलच असं नाही. पेचकस घसरला की त्याचं टोक रबरातच जातं.

साधी पक्कड दाबली की तिचं तोंड मिटतं, हिचं उघडतं. बाहेरच्या सर्क्लिपची पक्कड ज्यांनी वापरलीय त्यांना लगेच कळेल. मलाही पहिल्यांदा तेच वाटलं होतं की कारखान्यातली सर्क्लिप पक्कड असताना ही कशाला? मंगळवार पेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानांत विचारलं तर तिथंही सर्क्लिपचीच पुढं करतात. पण तिची टोकं भोकात घालायची असतात, म्हणजे गोल आणि गुळगुळीत. त्यावर तार टिकत नाही. शिवाय ती उघडते थोडीशीच, स्प्रिंगला त्याहून बराच जास्त ताण लागतो. या पकडीच्या चोचींना बाहेरच्या अंगाला आडवी खाच असते. स्प्रिंगच्या दोन्ही टोकांना तारेचे जे आकडे असतात ते या खाचांत बसवायचे आणि मूठ दाबायची.

खाच किती खोल आहे, यावर सगळं हत्यार उभं आहे. कारखान्यातल्या एका सहकाऱ्यानं निम्म्या किमतीची घेतलीय, तीही वापरून बघितली. दाबलेल्या पत्र्याची, खाच नावालाच. ताण आला की चोची बाजूला वाकतात आणि तार सटकते. सुटलेली तार नखावर बसली तर दिवसभर आठवण राहते. माझी हजार-बाराशेच्या घरात पडली. घडीव पोलाद आहे, जोडाला जाड रिबीट आहे. दाबून उघडी ठेवता येईल असा दातेरी अडकाही आहे, आणि एकट्यानं काम करायचं असेल तर तो हवाच. डोळ्यांना साधा गॉगल लावा, कुठलीही पक्कड घेतलीत तरी.

जुळे सोलापुरात वहिनींच्या मशीनवर या अडक्याचा खरा उपयोग कळला. मशीन बाथरूमच्या कोपऱ्यात भिंतीला खेटून, पुढं एक माणूस कसाबसा बसेल एवढीच जागा. दुसऱ्या कुणाचा हात पोचायचा प्रश्नच नव्हता. आधी नवीन रबराची बाहेरची कडा पत्र्यावर गोलभर चढवून घेतली. रिंग वरून खाचेत घातली आणि दहा, बारा आणि दोन वाजतात त्या जागी कागदी चिकटपट्टीनं धरली. मग दोन्ही बाजूंनी अंगठ्यानं दाबत खाली आलो, चार आणि आठपर्यंत. स्प्रिंग तळाशी. पकडीच्या चोची आकड्यांत अडकवल्या, मूठ दाबली, अडका पडला. आता दोन्ही हात मोकळे. रबर थोडं ओढून धरलं, पक्कड तशीच उचलून पत्र्याच्या कडेवरून आत ढकलली आणि अडका सोडला. तार टच्‌कन खाचेत बसली. चिकटपट्ट्या काढून बोट एकदा गोल फिरवलं, तार कुठं वर आलीय का ते बघायला. दहाच्या जागी जरा उचललेली होती, ती प्लास्टिकच्या पट्टीनं आत सारली.

“भाऊजी, झालं एवढ्यात? त्या सर्व्हिसवाल्यानं तर नुसत्या बसवायचेच हजार सांगितले होते.”

“वहिनी, आधी रिकामं मशीन फिरू दे. मग बोला.”

आतल्या रिंगेचं काम वेगळ्या जातीचं. बऱ्याच मशीनमध्ये त्यासाठी पुढचा पत्रा काढावा लागतो. म्हणजे वरचं झाकण, पावडरचा कप्पा, बटणांची पट्टी, खालची पट्टी, दाराच्या लॉकचे स्क्रू, एवढं सगळं आधी. प्लग काढलेला, नळ बंद, आणि खालच्या फिल्टरमधून उरलेलं पाणी काढून टाकलेलं. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढा. पत्र्याच्या कडा आतून धारदार असतात, हातमोजे घाला. अण्णांचं मशीन करताना मनगटावर ओरखडा उठला तेव्हा ते हसून म्हणाले, “रबर बदलतोय की चामडं?”

आतल्या रिंगेची स्प्रिंग जाड असते आणि तिथं या पकडीची लांबी कमी पडते. मूठ टबच्या पुढच्या वजनाच्या ठोकळ्याला अडते. तिरकी धरून काम होतं, पण मग जोर निम्माच लागतो. कंपनीनं मूठ चार बोटं लांब केली असती तर बरं झालं असतं. माझी हत्याराविषयीची खरी तक्रार एवढीच.

हातात कितीही चांगली पक्कड असली तरी रबर चुकीचं बसलं तर गळणारच. नव्या रबरावर वरच्या बाजूला त्रिकोण किंवा बाणाची खूण असते, ती टबवरच्या खुणेसमोर आली पाहिजे. तळाशी पाणी निचरायची बारीक भोकं असतात, ती बरोब्बर खाली हवीत. खूण इकडेतिकडे झाली तर घडीत पाणी साचून राहतं आणि नवं रबरही लवकरच काळं पडतं. टबची कडा आधी घासून स्वच्छ करा, तिथं क्षाराचा थर असतोच. रबर चढायला अवघड जात असेल तर भांड्यांचा साबण पाण्यात कालवून लावा. तेल किंवा ग्रीस अजिबात नको. ही रबरं बहुतेक ईपीडीएमची, म्हणजे एका कृत्रिम रबराची, असतात आणि खनिज तेलानं ती फुगतात. आमच्या खात्यात ग्रीसचा हात सगळीकडे लागतो, म्हणून घरी हे काम करताना मी आधी हात धुतो.

संचातल्या बाकीच्या वस्तूंविषयी थोडक्यात. प्लास्टिकच्या पट्ट्या चांगल्या आहेत, पण त्या मोबाइल दुरुस्तीच्या सामानात पाच-पंचवीस रुपयांत मिळतात. चुंबकाची लांब दांडी एकदाच लागली, स्क्रू मशीनच्या तळात पडला तेव्हा. त्या वेळी मात्र तिनं तासाभराचं काम वाचवलं. टोकदार आकड्यांचा संच तर द्यायलाच नको होता. ते रबर उचलायला म्हणून देतात, पण नव्या रबराला भोक पाडायचा त्यापेक्षा सोपा उपाय नाही. वायरवाली पाइप-क्लॅम्पची पक्कड या कामात लागत नाही. पंपाचा पाइप काढताना ती उपयोगी पडते, पण तो वेगळा विषय.

रबराबद्दल एक सांगायचं राहिलं. मशीनचा पूर्ण मॉडेल नंबर दाराच्या आतल्या किंवा मागच्या स्टिकरवरून उतरवून घ्या, नुसतं ‘सात किलोचं’ म्हणून रबर आणू नका. एकाच कंपनीच्या दोन सात किलोच्या मशीनची रबरं वेगळी असू शकतात. नवी पेठेत एका दुकानात स्वस्तातलं डुप्लिकेट मिळालं, अण्णांनी तेच घेतलं. त्याची बाहेरची कडा मूळ रबरापेक्षा कडक होती. पकडीनं स्प्रिंग ताणली तरी तार खाचेत पूर्ण उतरत नव्हती. शेवटी रबर गरम पाण्यात बुडवून मऊ केलं तेव्हा बसलं. अजून गळत नाही, पण मी स्वतःच्या घरी मूळच घातलं.

बसवून झाल्यावर कपडे न टाकता रिन्स आणि स्पिन लावा. पाणी भरत असताना मशीनखाली टॉर्च मारा आणि दाराच्या खालच्या कडेवरून कोरडा टिश्यू फिरवा. टिश्यू ओला झाला तर बाहेरची कडा बघा. मशीनखाली थेंब पडत असले तर आतली रिंग नीट बसलेली नाही, म्हणजे पत्रा पुन्हा काढायचा.

घ्यावी की नाही? घरात एकच मशीन आणि आतली रिंग स्क्रूची असेल तर नका घेऊ. बाहेरची रिंग बसवायला भागातल्या मेकॅनिकला बोलवा, नाहीतर ओळखीत कुणाकडे पक्कड असेल तर मागून आणा. दोन्ही रिंगा स्प्रिंगच्या असतील, किंवा आमच्यासारखं भावकीत आणि शेजारात ‘तू येऊन बघ की जरा’ असं चालत असेल, तर घ्या. सुटी पक्कड घ्या, संच नको. फोटोत चोचीच्या खाचा जवळून दाखवल्या नसतील तर ती पक्कड सोडून द्या.

माझ्या पकडीच्या मुठीवरचं रबरी आवरण एका बाजूनं सैल होऊन फिरायला लागलंय, त्यावर वायरिंगची हीट श्रिंक (तापवली की आवळणारी) नळी चढवलीय. खाचांत तार घासल्याचे चट्टे दिसतात, पण कडा अजून गोल झालेल्या नाहीत. जोडाला थेंबभर तेल घालतो आणि पुढच्या कामाला नेण्याआधी कोरडी पुसून घेतो. सध्या ती होटगी रोडला आमच्या साडूंकडे आहे.