बरणी तेवढीच, कॉफी कमी

नव्या बरणीचं झाकण नीट लागेना, म्हणून कॉफी धुऊन ठेवलेल्या जुन्या बरणीत ओतली. सगळी ओतून झाली तरी वर दोन बोटं जागा उरली. आधी वाटलं, सांडली की काय.

मग दोन्ही बरण्या शेजारी ठेवल्या. उंची तीच, लेबल तेच. नवी उलटी केली तेव्हा कळलं. तळाला आतल्या बाजूला खळगा होता. अंगठ्याचं पहिलं पेर त्यात सहज गेलं. काच जाड, मधला भाग किंचित आवळलेला. जुनीवर निव्वळ वजन 200 ग्रॅम, नवीवर 160, तेही मागे बारीक अक्षरांत. पुढे मात्र ठळक लिहिलेलं : ‘नवं आकर्षक रूप’. किंमत जुनीच.

म्हणजे माल 20 टक्क्यांनी कमी झाला आणि ग्रॅममागे आपण 25 टक्के जास्त मोजतोय. किंमत वाढवली की गिऱ्हाईक लगेच ओरडतं. वजन कोण लक्षात ठेवतं? खोक्याची तिन्ही मापं जेमतेम दहा-दहा टक्क्यांनी कमी केली तरी आतली जागा 27 टक्क्यांनी घटते, आणि डोळ्यांना फरक जाणवतही नाही.

कंपनीला लिहिलं. उत्तर आलं : वजन छापलेलं आहे. खरंच आहे ते, पण माझ्या आईला ती अक्षरं चष्मा लावूनही दिसत नाहीत. ती बरणी ओळखून घेते, आणि बनवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे. मला राग याचाच आला.

वेफर्सच्या फुगलेल्या पाकिटाला मी दोष देणार नाही. त्यातल्या नायट्रोजनमुळे वेफर्स चुरत नाहीत, तेलाला खवट वास येत नाही. बरणीतला खळगाही थोडा असेल तर काचेला बळकटी देतो. पण 40 ग्रॅम गिळणारा खळगा बळकटीसाठी नसतो.

फ्रान्समध्ये 1 जुलै 2024पासून मोठ्या दुकानांना अशा मालाजवळ वजन घटल्याची पाटी दोन महिने लावावी लागते. अशी पाटी नसेल तिथे आपणच बघायचं. नेहमीच्या वस्तूंची रिकामी पाकिटं एकदा तरी जपून ठेवा, नवीन आणलं की वजन ताडून पाहा. किमतीला ग्रॅमने भागा, मोठ्या ‘फॅमिली पॅक’लासुद्धा, कधीकधी तोच महाग पडतो. आईच्या बरणीवर मी आता जाड मार्करने 200 लिहून ठेवलंय.